मरळ तेवढी वाचली

१. पोर्णिमेची सकाळ

राखी पोर्णिमेच्या सकाळी आमच्या बोळकवाडीच्या तळ्यात मासे उलटे होऊन पडले. बांधावर उभं राहून बघितलं तर पाण्यापेक्षा पोटंच जास्त दिसत होती. पांढरी, फुगलेली, पंगत उठल्यावर ओसरीवर आडव्या झालेल्या पाहुण्यांसारखी.

हे तळं देवानं दिलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर आम्हीच ते बांधलं. मातीच्या किती पाट्या वाहिल्या ते माझ्या मानेला विचारा. त्यामुळं तळ्याला काही झालं की माझ्या घरात चोर शिरल्यासारखं मला वाटतं.

मी पोचले तेव्हा सगळं गाव जमलेलं. चार दिवस लागून राहिलेली बारीक झड काही उघडत नव्हती. बापय माणसं डोक्यावर पांढऱ्या प्लास्टिकच्या खोळी घेऊन उभी होती. खोळ म्हणजे काय, तर पिशवीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसायचा, ते टोक डोक्यावर घ्यायचं आणि बाकीची पाठीवर सोडायची. लांबून वाटावं, मासे खायला बगळ्यांचा थवा उतरलाय. सरपंच आबासाहेब तेवढे छत्रीत. आणि सगळ्यांपासून लांब, काळी घोंगडी पांघरून, धुळाप्पा धनगर.

तळ्यात मासे सोडले होते निंगप्पा कोळ्यानं. तो चिखलात बसून कपाळ बडवत होता.

"निंगप्पा, उठ," आबासाहेब म्हणाले. "इख कुणी कालवलं ते गावाला ठावं हाय."

"कुणी?" मी विचारलं.

"नानी, तुमी मधी पडू नगा."

"मी मधी न्हाय पडले आबासाहेब. मी आदीपास्नं मधीच हाय."

तेवढ्यात आमच्या शेजारचा कोंडीबा पुढं झाला. ह्या माणसाला दोनच कामं येतात, एक बोट दाखवायचं आणि दुसरं तेच बोट दडवायचं. त्यानं धुळाप्पाकडं बोट केलं. "कातरणीच्या आदी मेंढरं कुणी धुतली तळ्यात? गोचिडाचं औषद लावून?"

"धुतली," धुळाप्पा म्हणाला. "औषद न्हवतं लावलं."

"मग मासं काय हसून मेलं व्हय रं?"

लोक हसले. धुळाप्पाची बायको म्हाळसाबाई पदराआड एक कोकरू धरून उभी होती. ती नाही हसली.

आबासाहेबांनी निकाल देऊन टाकला. उद्या सकाळी चावडीवर सगळ्यांसमोर धुळाप्पानं गुन्हा कबूल करायचा आणि बिऱ्हाड घोड्यावर लादून गावाची शीव सोडायची. शिवाय भाकणूकही त्याच्या घराण्याकडून काढून घ्यायची. आमच्याकडं नागपंचमीला बिरदेवापुढं धुळाप्पाच्या अंगात येतं आणि तो वर्षाचं पाऊसपाणी सांगतो, ती भाकणूक. त्याच्या बापानं सांगितली, आज्यानं सांगितली.

"कोकरं अजून पायावर न्हाईत," म्हाळसाबाई एवढंच म्हणाली. "ह्या चिखलात वाटंतच मरतील."

मी पाण्याकडं बघत होते. मेलेल्या माशांच्या मधून एक लांबुडकी मरळ वर आली. तिनं तोंड उघडून हवेचा एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि शेपूट हलवत खाली निघून गेली. मागोमाग दुसरी.

"आबासाहेब," मी म्हणाले, "उद्या सकाळपातूर कुणी धुळाप्पाच्या अंगाला हात लावायचा न्हाय. इख असं मासं निवडून मारतं, हे मला पयल्यांदाच कळतंय."

२. आण

धुळाप्पाचं बिऱ्हाड बिरदेवाच्या मागं माळावर. घोंगडीच्या पालात कोकरं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. म्हाळसाबाईनं मला बसायला पोतं दिलं. तागाचं जुनं, ठिगळ लावलेलं.

"खरं सांग," मी म्हणाले. "औषद लावलंस?"

"आक्का, औषद लावल्यालं मेंढरू पाण्यात घातलं तर औषद मेंढराला का पाण्याला? एवढं कळतंय मला."

"आन् मेंढरं धुतली कुटं?"

"खालच्या अंगाला. सांडव्याजवळ. तितनं पाणी भायेर जातंय, आत येत न्हाय."

हे बरोबर होतं. सांडव्याजवळ धुतलेल्या मेंढरांचं पाणी वरच्या अंगाचे मासे मारायला उलटं चालत जाणार नव्हतं.

"मग तितं बांधावर का न्हाय बोललास?"

धुळाप्पा बोटानं भुई उकरत राहिला.

"पंचमीपास्नं तळ्याचा रंग बदललाय. पंचमीला रानात कोण होतं?" मी सहज विचारलं. पंचमीला आमच्याकडं कुणी रानात जात नाही. नांगर नाही, कुळव नाही, विळा नाही. मातीला लोखंड लावलं तर नागाला लागेल म्हणून बायका त्या दिवशी भाजीसुद्धा चिरत नाहीत. सगळं गाव घरात पुरणाची दिंडं खाऊन पडतं. रानात असतो फक्त धनगर, कारण मेंढराला पंचमी कळत नाही.

धुळाप्पानं चमकून वर बघितलं. मग म्हाळसाबाईकडं. मग बिरदेवाच्या कळसाकडं.

"आक्का, ते इचारू नगा. भंडाऱ्यावर हात ठिवून आण दिलीया."

"कुणाला?"

"लई जणास्नी."

"एकाच गोष्टीची आण लई जणास्नी? तू काय वाटत फिरत होतास?"

म्हाळसाबाईला हसू आलं आणि तिनं ते कोकराच्या लोकरीत लपवलं. धुळाप्पाचा चेहरा मात्र पडलेलाच.

"हातानं म्या कायबी केलं न्हाय. पर आक्का, दोष माजाच हाय. माज्या तोंडानं हे समदं झालं."

पालाबाहेर कुणीतरी खाकरलं. बघते तर कोंडीबा, पांढऱ्या खोळीखाली दात काढून उभा.

"ऐकलं न्हवं?" तो म्हणाला. "सोताच्या तोंडानं कबूल झाला की!"

आणि आबासाहेबांना सांगायला पळत सुटला.

३. बुडून मेलेले मासे

निंगप्पा अजून बांधावरच होता. मी त्याच्या शेजारी बसले.

"म्हशी पाणी प्यायल्या का रं हितं?"

"रोज पित्यात. आजबी प्याल्या."

"मेली एखांदी?"

"न्हाय."

"बेडूक?"

"रातभर बोंबलत व्हतं."

"मासं कसं मेलं? एकदम?"

निंगप्पानं नाक पुसलं. "न्हाय नानी. झड लागल्यापास्नं रोज पाटंला वर येत व्हतं. तोंड वर करून आ वासायचं. दीस वर आला की खाली जायचं. आज खाली गेलंच न्हाईत."

"आन् मरळ?"

"ती मरंल कशाला? ती वरनं वारा खाती. बाकीच्यांचा दम पाण्यातच असतोय."

तळ्याचं पाणी मी ओंजळीत घेतलं. हिरवंगार. पंचमीच्या आधी ह्याच पाण्यात माझ्या पायाची बोटं दिसायची. पंचमीच्या रात्री आभाळ फुटल्यासारखा पाऊस झाला, मग काही दिवस चटका ऊन पडलं, त्या उन्हात पाणी हिरवं होत गेलं, आणि त्यावर ही झड. हिरवी साय सगळ्यात दाट कुठं होती? ओढा तळ्याला मिळतो त्या तोंडाशी. ओढ्याच्या काठाचं गवत तर असं माजलं होतं, की म्हशीनं तोंड घालावं की नमस्कार करावा असा प्रश्न पडावा.

नेमके त्या दिवशी शेतकी खात्याचे साहेब सकाळच्या एस्टीनं मंद्रूपवरून आले होते. पीक स्पर्धेची पाहणी होती. ज्याची हायब्रीड ज्वारी सगळ्यात चांगली, त्याला सोलापूरला नेऊन फेटा बांधणार आणि फवारणीचा पंप देणार. पंपापेक्षा फेट्यासाठी गाव वेडं झालं होतं. पाहणीत आपलंच रान सगळ्यात हिरवं दिसावं म्हणून जो तो देव पाण्यात घालून बसला होता. साहेबांना मी वाटेतच गाठलं.

"सायेब, ज्वारी हिरवी कशानं होती?"

"युरियानं, आजी."

"मग पाणी हिरवं कशानं होतंय?"

साहेब थांबले. खाली वाकून त्यांनी पाणी बघितलं, वास घेतला, ओढ्याचं तोंड बघितलं. "त्यानंच," ते म्हणाले. "खत वाहून आलं की पाण्यात हे शेवाळ माजतं. उन्हात ते पाण्याला प्राणवायू देतं, पण रात्री स्वतःच ओढून घेतं. चार दिवस ऊन नाही मिळालं, की पहाटेपर्यंत पाण्यात श्वास उरत नाही. मासे बुडून मरतात म्हणा ना."

"मासा बुडून मरतोय?"

"असंच काहीसं."

मी निंगप्पाकडं बघितलं, निंगप्पानं माझ्याकडं. जन्मभर पाण्यात राहून शेवटी बुडून मरायचं, म्हणजे नशीबच म्हणायचं.

"एका पोत्यानं हुईल का एवढं?"

"छे! एवढ्या मोठ्या तळ्याला एक पोतं काय करणार? पुष्कळ खत आलंय. पण कुठून? मी तर सगळ्यांना बजावलं होतं, निम्मं पोतं आता, निम्मं पुढच्या महिन्यात. तेसुद्धा वापसा आल्यावर, चिखल सुकून रान चालण्याजोगं झालं की, कोळप्यानं मातीआड करून. सगळ्यांनी माना हलवल्या."

माना हलवायला आमच्या गावाला शिकवावं लागत नाही.

मी ओढ्याच्या काठानं वर नजर टाकली. ह्या ओढ्याला शेतं कुणाकुणाची? आबासाहेबांची. कोंडीबाची. पुढं तुकड्या-तुकड्यानं अख्ख्या गावाची. आणि अगदी काठाला, गवत सगळ्यात माजलेलं तिथं, आमची.

४. सोवळ्यातलं खत

पंचमीच्या आदल्याच दिवशी सोसायटीनं घरटी एक पोतं युरिया वाटला होता. बाहेर ताग, आत प्लास्टिकची पिशवी. मग ज्याचं पोतं रिकामं तो चोर, एवढा सोपा हिशेब धरून मी आबासाहेबांच्या वाड्यावर गेले.

आबासाहेब सोप्यात लोडाला टेकून रेडिओ ऐकत होते. नवा रेडिओ. झडीचा दमट वारा लागू नये म्हणून त्याला पांढऱ्या प्लास्टिकात बाळंतिणीच्या पोरासारखं गुंडाळलेलं, फक्त तोंड उघडं.

"आबासाहेब, खत घातलं का वो ज्वारीला?"

"छ्या! वापसा कुटं आलाय? काळं रान, पाय घातला तर गुडघ्यापातूर जातोय. पोतं अजून फोडल्यालं न्हाय."

"बघू."

"काय बघायचं त्यात?"

"मी म्हातारी. फोडल्यालं लई बघितलं, न फोडल्यालं बघायचं राहिलंय."

आबासाहेब जरा सरळ बसले. "देव्हाऱ्याखाली ठिवलंय. आंघोळीबिगर शिवत न्हाय आमी."

"खताला सोवळं?"

"लक्षुमीच की ती."

"पंचमीला कुटं होता?"

"घरात. दिंडं खाऊन झोपलो. नानी, पंचमीला रानात कोण जातंय?"

तिथून कोंडीबाकडं. त्याचं पोतं दारातच उभं, सगळ्यांना दिसेल असं, नव्या जावयासारखं छाती काढून.

"हे बगा नानी, जसंच्या तसं. हात लावल्याला न्हाय. पंचमीला तर मी झोपाळ्यावर पोरींस्नी झोके देत व्हतो."

मी पोत्याच्या तोंडाकडं बघितलं. सोसायटीतून आलेलं पोतं यंत्रानं शिवलेलं असतं, टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. ह्याचे टाके दारू प्यायल्यासारखे इकडं-तिकडं. मी फक्त "दमले बाई" म्हणून पोत्यावर बसले.

युरिया भरलेल्या पोत्यावर बसलं तर दगडावर बसल्यासारखं लागतं. मी खालीच गेले. गुडघे कानाला लागले.

"नानी! पोत्यावर नगा बसू! खत बिगडंल!"

"कोंडीबा, तुजं खत लई मऊ हाय रं. रात्री उशाला घेतोस काय?"

"दमट हवा हाय न्हवं," कोंडीबा म्हणाला आणि मला उठवायला त्यानं हात दिला.

म्हणजे कोंडीबानं पोतं रिकामं करून त्यात भुसकट भरलं होतं. चोर सापडला म्हणून मी खूश होऊन निघाले. चार पावलं गेले आणि साहेबांचं बोलणं आठवलं. एका पोत्यानं एवढं होत नाही.

मग बाकीचं कुणाचं?

५. खुंटीवर

घरी आले तेव्हा दुपार टळली होती. सून गिरिजानं गरम भाकरी वाढली. मी पहिला घास मोडला आणि माझ्या मानेत गार पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा.

वर बघितलं. खुंटीवर माझ्या लेकाची, जोतीरामची खोळ लटकत होती. ओली, ठिबकत.

"गिरिजा, हितं टांगायला सांगितलं कुणी? माज्या मानेत पाणी गळतंय."

"त्येंनीच टांगली, आत्याबाई. नवी हाय, फाटंल म्हनून कुटं ठिवत न्हाईत."

नवी. मी घास खाली ठेवला.

खोळ पांढरी होती. जाड प्लास्टिकची, पोत्याच्या मापाची. सकाळी बांधावर बगळ्यांचा थवा बघितला होता तो डोळ्यांपुढं आला. मागच्या साली हीच माणसं तागाच्या पोत्याच्या खोळी घेऊन भिजत होती. एका पावसाळ्यात एवढं प्लास्टिक गावात आलं कुठून? आणि आबासाहेबांच्या रेडिओच्या अंगावर?

पिशवी डोक्यावर यायची तर आतलं खत आधी बाहेर यायला पाहिजे. सगळं. निम्मं नव्हे.

मी उठले आणि कणगीमागं गेले. आमचं पोतं उभंच होतं, तोंड शिवलेलं. बोट खुपसलं. भुसकट.

जोतीराम दारात आला, माझं बोट पोत्यात बघितलं आणि जागच्या जागी खिळला. माझा लेक दोन पोरांचा बाप आहे, पण मी नुसतं बघितलं तरी त्याला नाक पुसावंसं वाटतं.

"आये, माज्या एका पोत्यानं काय मासं मेलं न्हाईत," तो पहिलंच बोलला. "सायेबानंच सांगितलंय म्हनं."

"मी इचारलं का?"

"न्हाय."

"मग आता इचारते. कवा टाकलंस?"

"पंचमीला."

"पंचमीला! रानात?"

"सकाळी भाकणुकीत धुळाप्पामामा बोलला न्हवं का, आज दिवा लागल्यावर आभाळ फुटंल म्हनून. म्हटलं, आज टाकलं तर पावसानं लगीच मुरंल. बाकीचं झोपल्यात, कुणी टाकणार न्हाय. आपलंच रान आदी हिरवं हुईल. पाहणीला सायेब आला की..."

"की फेटा. आन् निम्मं का न्हाय टाकलंस?"

"निम्म्यानं निम्मंच हिरवं झालं असतं की."

"बरं. टाकलंस ते टाकलंस. कोळपून मातीआड का न्हाय केलंस?"

जोतीरामनं माझ्याकडं असं बघितलं, जणू आईच बिघडली. "पंचमीला कोळपं कसं धरायचं, आये? नागाला लागंल की!"

मला हसावं की पायताण काढावं कळेना. पाप लागू नये म्हणून मातीला हात लावला नाही, आणि खत मिठासारखं वरच पसरून हा घरी आला. रात्री आभाळ फुटलं ते खरंच. एका पावसात सगळं ओढ्यातून तळ्यात. नाग वाचला, मासे गेले.

"धुळाप्पानं बघितलं तुला?"

"व्हय. म्या भंडाऱ्यावर हात ठिवायला लावून आण घातली, कुणाला सांगू नगो म्हनून."

लई जणास्नी, धुळाप्पा म्हणाला होता. आणि माझ्या तोंडानं झालं, असंही म्हणाला होता. आता त्या दोन्ही वाक्यांचा अर्थ लागला.

गिरिजा चुलीपुढून हळूच म्हणाली, "आत्याबाई, उद्या चावडीवर तुमी काय सांगणार?"

ह्या गावात माझ्या घराकडं कुणी बोट केलेलं नाही. माझे मालक गेले तेव्हा जोतीराम रांगत होता, तेव्हापासून नाही. तोंड उघडलं तर पहिलं बोट माझ्याच दारावर येणार होतं. नाही उघडलं तर कोकरं चिखलात.

भाकरी गार झाली. मला ती खाववली नाही.

६. डोक्यावरचं काढा

सकाळी चावडीपुढं सगळं गाव. झड होतीच. आबासाहेब ओट्यावर, शेजारी खुर्चीवर साहेब. कालची एस्टी चुकल्यामुळं ते सरपंचांकडंच राहिले होते. धुळाप्पाचं घोडं लादून तयार. पाठीवर पाल, पालात कोकरांची डोकी. म्हाळसाबाईनं देवाचा निरोप घेऊन भंडारा लावलेला.

"धुळाप्पा," आबासाहेब म्हणाले, "कबूल हायेस न्हवं? कोंडीबानं ऐकलंय."

धुळाप्पानं मान खाली घातली. "माज्या तोंडानं..."

"थांब रं," मी म्हणाले. "तुज्या तोंडाचं मागनं बघू. आदी सगळ्यांनी डोक्यावरचं काढा."

"काय?"

"देवाच्या भगताचा न्याय चाललाय. उघड्या डोक्यानं उभं रावा. खोळी काढा आन् हितं माज्यापुढं टाका."

माझ्या आवाजाला गाव अजून भितं. एकेकानं खोळ काढली. मी जोतीरामकडं बघितलं. तो घामानं भिजला की झडीनं कोण जाणे. मी त्याच्या डोक्यावरची खोळ माझ्या हातानं उतरवली आणि सगळ्यात आधी ओट्यावर ठेवली.

"ही माज्या घरची. आता ऐका. मासं इखानं मेलं न्हाईत. इखानं मेलं असतं तर मरळ मेली असती, बेडूक मेलं असतं, तुमच्या म्हशी मेल्या असत्या. दम कोंडून मेलं. वरनं वारा खाणारी मरळ तेवढी वाचली. दम कोंडला शेवाळानं, शेवाळ माजलं युरियानं, युरिया आला ओढ्यानं. व्हय की न्हाय, सायेब?"

साहेबांनी मान हलवली. ह्या गावात पहिल्यांदाच कुणीतरी विचार करून मान हलवली असेल.

"पर नानी, आमची पोती तर..." कोंडीबा म्हणाला.

"तुमची पोती भरल्याली हाईत. भुसकटानं. तुज्या पोत्यात मी सोता बुडून आलीया. सोसायटीनं पोती वाटली पंचमीच्या आदल्या दिवशी. पंचमीच्या रातीपास्नं वापसा न्हाय, कुणी खत टाकलं न्हाय, असं समदीच म्हणतायसा. मग आतली पिशवी डोक्यावर आली कुटनं? खत आत ठिवून पिशवी भायेर काढायची इद्या कुणाला येत आसंल तर त्यानं म्होरं यावं, फेटा मी बांधते."

कुणी पुढं आलं नाही. ओट्यावरच्या खोळींचा ढीग टपटप गळत होता.

"पंचमीला टाकलंसा. एकेकट्यानं, चोरून, बाकीचं झोपल्यात म्हनून. आभाळ फुटणार हे भाकणुकीत ऐकून. ती भाकणूक सांगितली ह्यानं. ह्याच्यावर इस्वास ठिवून खत टाकलंसा, ह्यालाच आण घातलीसा, आन् ह्यालाच गावाभायेर काढाय निघालासा. त्यो तुमच्या आणंपायी घोडं लादून उभा हाय."

मग गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, "मला वाटलं मी एकटाच."

"मला बी."

"एका पोत्यानं काय हुतंय म्हटलं..."

प्रत्येकजण दुसऱ्याकडं असा बघत होता, जणू शेजाऱ्यानं आपलाच खिसा कापलाय. कोंडीबा तर खरोखर रागावला. "म्हंजी समद्यांनीच टाकलं? मग फेटा कुणाला?"

आबासाहेब घसा साफ करून उठले. "वाईट झालं. ज्यांनी ज्यांनी हे केलं त्यांनी..."

"आबासाहेब, तुमची छत्री हाय, म्हनून तुमी सुटला न्हाई."

"माजं पोतं देव्हाऱ्या..."

"मग रेडिओच्या अंगावर काय हाय? त्यो काय पावसात भिजाय रानात गेला व्हता?"

साहेबांनी वळून सरपंचांकडं बघितलं. रात्रभर त्याच रेडिओशेजारी झोपले होते. "अहो," ते म्हणाले, "त्यावर खताचं नाव छापलंय. मी सकाळी वाचलं. मला वाटलं, तुमच्याकडं जुनी पिशवी असेल."

आबासाहेबांनी छत्री मिटली आणि पहिल्यांदाच गावाबरोबर भिजले.

मी धुळाप्पाजवळ गेले. "तुज्या तोंडाचा दोष एवढाच, की ते खरं बोललं. घोडं सोड."

धुळाप्पा घोड्याकडं वळला. म्हाळसाबाईनं मात्र दोर कधीच सोडला होता. तिनं एकेक कोकरू पालातून उचलून चावडीच्या आत, आबासाहेबांसाठी ठेवलेल्या लोडावर नेऊन ठेवलं. तिथं जरा कोरडं होतं.

७. फेटा

निंगप्पाची भरपाई गावानं करायची ठरली. पुढच्या पावसात तळ्यात नवं माशाचं बी गावानं आणून सोडायचं, आणि ओढ्याकाठी प्रत्येकानं गवताचा पट्टा राखायचा, म्हणजे वाहून आलेलं काही तिथंच अडेल. आमच्या काठचा पट्टा जोतीराम राखतो. न राखून सांगतो कुणाला? त्या सकाळनंतर लोक माझ्या दारावरून जाताना बोट करतील असं मला वाटलं होतं. बोट कुणाचंच वर झालं नाही. करायचं तर स्वतःचं डोकं आधी उघडं करावं लागलं असतं.

साहेबांनी पाहणी केली. खत वाहून गेलेली ज्वारी सगळ्यांची सारखीच पिवळी. साहेब म्हणाले, "आजी, ह्या गावात सगळ्यात हिरवं तळंच आहे. फेटा त्यालाच बांधावा लागेल." कोंडीबानं गंभीरपणे विचारलं, तळ्याला फेटा नेमका कुठं बांधायचा.

मेंढरं मात्र त्या साली पहिली आमच्या रानात बसली. धनगराची मेंढरं रानात बसवली की लेंडीखत आपोआप पडतं, त्याला ना पोतं लागतं ना फेटा. आबासाहेबांनी आपल्या रानासाठी दोनदा निरोप पाठवला. म्हाळसाबाईनं उलट निरोप दिला, मेंढरं सोवळ्यात हाईत.

पुढच्या नागपंचमीला बिरदेवापुढं एवढी गर्दी झाली की पारावर उभं राहायला जागा नव्हती. ढोल वाजला, धुळाप्पाच्या अंगात आलं, भंडारा उधळला. सगळं गाव श्वास रोखून पुढं वाकलं. जोतीरामही वाकला. मी त्याच्या पाठीत एक बुक्की घातली, तरी वाकूनच राहिला.

धुळाप्पानं डोळे उघडले. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. कोंडीबा, आबासाहेब, जोतीराम.

"पाऊस पडंल," तो म्हणाला. "लई पडंल. पर कवा, ते बिरदेव म्हणतोय, पंचमी झाल्यावर सांगीन."